गॅस संपला म्हणजे गेला कुठे?

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात उन्हाळ्याआधी गाडीची काय काळजी घ्यावी ते आलं होतं, त्यात एसीबद्दल एकच ओळ, कूलिंग कमी वाटलं की गॅस भरून घ्या. याच एका ओळीपायी मी दोन उन्हाळे खिसा रिकामा केलाय म्हणून लिहितोय.

माझी गाडी सेकंडहँड, बारा वर्षं जुनी, ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलवाली, ड्रायव्हरला आणि शेजारच्याला वेगवेगळं टेम्परेचर लावता येतं अशी. घेतली तेव्हा याचंच भारी कौतुक होतं. तर झालं काय, माझ्या बाजूने गारेगार हवा आणि बायकोच्या बाजूने हेअर ड्रायर लावल्यासारखी गरम. मेकॅनिकने गॅसचं प्रेशर दाखवणारं गेज लावलं, म्हणाला गॅस कमी आहे, भरला. आठ दिवस बरं वाटलं, का पैसे दिलेत म्हणून बरं वाटलं देव जाणे, परत तेच. असं तीनदा.

आता गॅस म्हणजे काही पेट्रोल नव्हे हो जळून संपायला, बंद पाइपातून तोच तो फिरत राहतो. जुन्या गाडीत रबरी होजमधून, ओ-रिंगमधून थोडा पाझरतो हे मान्य, पण दोन उन्हाळ्यात तीनदा संपत असेल तर लीकेज आहे, ते आधी शोधा ना. आणि इंजिन बंद असताना गेज बघून गॅस किती आहे ते कळतच नाही. आत थोडा जरी लिक्विड शिल्लक असेल तरी प्रेशर ठरतं ते तापमानावर, आर-134ए (गाडीच्या एसीतल्या गॅसचा एक प्रकार) असेल तर 30 डिग्रीला साधारण 97 पीएसआय, मग आत पाव किलो असो की अर्धा किलो. स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखंच आहे ते, किती उरलाय ते वजन केल्यावरच कळणार.

शेवटी मीच एका रविवारी मागे लागलो. इंजिन चालू, एसी फुल, दहा मिनिटांनी बॉनेट उघडून (बेल्ट आणि पंख्यापासून हात, बाही लांब ठेवा बाबांनो) एसीच्या जाड पाइपाला हात लावला तर एकदम गार, वरून घाम फुटलेला. म्हणजे थंडी तयार होतेय, आत पोचताना घोळ होतोय. मग ब्लोअर अगदी हळू ठेवून शेजारच्या बाजूचं टेम्परेचर खालपासून वरपर्यंत नेलं तर डॅशबोर्डच्या आतून टिक टिक टिक, पाल चुकचुकावी तसं. ग्लोव्ह बॉक्स काढला, मोबाईलचा टॉर्च मारला, आत काडेपेटीहून जरा मोठी काळी डबी, तिच्यात छोटी मोटर आणि प्लास्टिकचे गिअर. गार हवेत हीटरची गरम हवा किती मिसळायची तो फ्लॅप हीच हलवते. गिअरचे तीन दात उडालेले, मोटर बिचारी जागच्या जागी फिरतेय आणि फ्लॅप गरमच्या बाजूला अडकून बसलाय. नवीन मोटर टाकून कॅलिब्रेट केली, म्हणजे फ्लॅप कुठून कुठपर्यंत हलवायचा ते तिला शिकवलं, बायकोची बाजू गार.

मेकॅनिकवर सगळं ढकलत नाही, गॅस कमी असला तरी दोन बाजूंत फरक पडतो कारण इव्हॅपोरेटर, म्हणजे डॅशबोर्डच्या आतली हवा गार करणारी जाळी, अर्धाच गार होतो, त्यामुळे पहिल्यांदा शंका आली ते ठीक. पण दुसऱ्यांदा? तिसऱ्यांदा?

खरी गंमत पुढेच. मोटर बदलूनही सिग्नलला उभं राहिलं की हवा कोमट व्हायची. मशीनवाल्या दुसऱ्या गॅरेजात गॅस बाहेर काढून मोजला, बॉनेटखालच्या स्टिकरवर 500 ग्रॅम लिहिलेलं, निघाला 620! म्हणजे कमी कधी नव्हताच, उलट जास्त भरून प्रेशर वाढवून कॉम्प्रेसरला, म्हणजे गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाला, घाम फोडत होतो. व्हॅक्यूम करून, म्हणजे पाइपातली हवा ओढून काढून, मोजून 500 भरला, आता सिग्नललाही व्यवस्थित.

ज्यांचा ब्लोअर फक्त फुल स्पीडलाच चालतो त्यांनी रेझिस्टर (ब्लोअरचा स्पीड कमी-जास्त करणारा भाग) बघावा, हवाच कमी येत असेल तर केबिन फिल्टर काढून बघा, माझ्यात पानं आणि धुळीची गादी होती. बाहेरचं तापमान उणे 40 दाखवत असेल तर पुढच्या बंपरमागचा सेन्सर किंवा त्याची वायर गेलेली असते, आणि त्या आकड्यावर विश्वास ठेवून सिस्टीम कॉम्प्रेसर चालूच करत नाही. स्वस्तातला स्कॅनर लावून 'एरर नाही' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, तो बहुतेक वेळा फक्त इंजिनचे कोड वाचतो.

माझी मागणी एवढीच की एसीचं काम करणाऱ्या गॅरेजांना बिलावर जुना गॅस किती ग्रॅम निघाला आणि नवा किती भरला हे दोन आकडे लिहायला लावा. नुसतं 'गॅस फिलिंग' नको. हा गॅस हवेत सोडला तर कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता धरून ठेवतो, म्हणजे प्रश्न माझ्या एकट्याच्या खिशाचा पण नाही. आणि तुम्ही पण पुढच्या वेळी ती एक ओळ छापताना 'आधी वजन करून बघा' एवढं तरी जोडा.

आपला,
दोन उन्हाळे घामाघूम झालेला एक वाचक