आधी त्या बाईंना विचार

कोल्हापूर

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. फोनवर घाईत बोलण्यासारखं नाही, म्हणून सवडीनं लिहिते आहे. तुमच्या पोलंडमधल्या शाळेत आगीच्या सरावाची घंटा झाली आणि तुझ्या वर्गातला युक्रेनमधल्या खारकीव्हचा मुलगा बाकाखाली जाऊन बसला, कितीतरी वेळ बाहेर आला नाही. "आई, मी गणित शिकवते. मला मानसशास्त्रातलं काय कळतं?" असं तू विचारलंस.

बाळ, तो मुलगा वेडंवाकडं काहीच वागला नाही. खारकीव्ह रशियाच्या सरहद्दीपासून चाळीसेक किलोमीटरवर. भोंगा वाजला की लपायला क्षणांचाच अवधी. तिथं 2023 च्या सप्टेंबरपासून भुयारी रेल्वेच्या स्थानकांत वर्ग भरवले, पुढं जमिनीखाली शाळाच बांधली. त्या गावात शहाणं मूल आवाज आला की आडोसाच गाठतं. म्हणून त्याला "घाबरू नकोस, काही झालं नाही" एवढंच सांगून भागणार नाही. घंटा कधी होणार, किती वेळ वाजणार, तेव्हा आपण कुठं उभं राहायचं, हे आदल्या दिवशी त्याच्या भाषेत सांगायची सोय कर. घंटेच्या वेळी तू त्याच्याजवळ उभी राहा. तुमच्या पोलंडमध्येच 10 एप्रिल 2022 ला स्मोलेन्स्कच्या विमान अपघाताच्या (2010 मध्ये त्यात पोलंडचे राष्ट्राध्यक्ष गेले) स्मृतिदिनी देशभर भोंगे वाजवायचा आदेश निघाला होता. युद्धातून नुकत्याच आलेल्या माणसांचा विचार करून कितीतरी शहरांच्या महापौरांनी ते वाजवायला नकार दिला. मोठ्या शहरांना जे जमलं ते एका शाळेला जमायला काय हरकत आहे?

उपचार करणं तुझं काम नाही, ते तुझ्यावर कुणी लादूही नये. जागतिक आरोग्य संघटनेनं 2011 मध्ये मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली. त्यातलं सूत्र साधं आहे : पाहा, ऐका, योग्य माणसाशी गाठ घालून द्या. आणि झालेलं सांगायला कुणालाही भाग पाडू नका. म्हणजे 'माझा युद्धाचा अनुभव' असला निबंध वर्गात अजिबात नको, हेतू कितीही चांगला असो. त्यानं आपणहून रणगाडा काढला तर काढू दे, विचारावंसं वाटलं तर चित्राबद्दल विचार. जागा, शेजारी, तासांचा क्रम सारखा बदलू नका. अ‍ॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या बालमानसतज्ज्ञ बायकांनी दुसऱ्या महायुद्धात लंडनमध्ये हॅम्पस्टेडला मुलांसाठी निवासी बालगृहं चालवली. बॉम्बपेक्षा आईपासून तुटणं मुलांना जास्त मोडतं, हे त्यांनी पाहिलं. मग चार-पाच मुलांमागं एक ठरलेली बाई, अशी लहान लहान कुटुंबं केली. तुझ्या त्या मुलाला शाळेत असं एक ठरलेलं माणूस हवं. बहुतेक मुलं घर, शाळा आणि ओळखीची माणसं मिळाली की हळूहळू सावरतात. पण एखादं आठवडेच्या आठवडे झोपत नसेल, जेवत नसेल, बोलायचंच थांबलं असेल, किंवा जिवाचं बरंवाईट करायची भाषा करत असेल, तर एक दिवसही न थांबता शाळेच्या मानसतज्ज्ञांकडं ने.

हे सगळं तू करशील, मला खात्री आहे. मला जास्त काळजी तुझ्या मेसेजमध्ये एका ओळीत येऊन गेलेल्या तुमच्या शाळेतल्या त्या युक्रेनियन शिक्षिका बाईंची वाटते. नवरा आघाडीवर, सकाळी त्याचा निरोप आला तर आला, आणि आठ वाजता वर्गात उभं राहायचं. भाषा येते म्हणून प्रत्येक रडणारं मूल त्यांच्याकडं पाठवायचं. पालकांचा फोनही त्यांनीच घ्यायचा. मग त्यांनी कुणाकडं जायचं गं?

मी जिथं नोकरी केली ते आपल्या कोल्हापूरजवळचं गांधीनगर म्हणजे पूर्वीची वळिवड्याची छावणी, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. 1943 पासून तिथं सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत राजवटीनं 1940-41 मध्ये घरातून उचलून सायबेरिया-कझाकस्तानात टाकलेले, इराणमार्गे हिंदुस्थानात आलेले. त्यांनी पंचगंगेच्या काठी प्राथमिक शाळेपासून वरच्या वर्गांपर्यंत सगळं उभं केलं, स्काउट, नाटकं, सण सगळं. ते गेल्यावर त्याच जागी फाळणीत उजाडलेले सिंधी आले, त्यांचीही मुलं शिकली. 2019 मध्ये वळिवड्यात वाढलेली काही पोलिश मंडळी म्हातारपणी इथं येऊन गेली, तेव्हा गावानं त्यांच्या बालपणाचं किती कौतुक केलं! योग्यच होतं. मी मात्र तेव्हापासून त्यांना शिकवणाऱ्या बायकांचा विचार करते. त्याही त्याच गाड्यांतून आलेल्या, त्यांचीही माणसं वाटेत गेलेली. मुलांना वेळापत्रक, कविता, पाढे देत त्या उभ्या राहिल्या, म्हणून त्या मुलांना बालपण मिळालं. अशा बाईला सोसायला लावून शाळा चालवणं मला अन्याय वाटतो.

तेव्हा प्राचार्यांशी बोल. त्या बाईंना रोज एक तास पूर्ण मोकळा हवा, ज्यात कुणी त्यांना भाषांतराला बोलावणार नाही. फोन आला तर वर्ग कुणी धरायचा ते आधीच ठरलेलं हवं, ऐन वेळी विनवण्या करायची पाळी त्यांच्यावर नको. मानसतज्ज्ञांचा आठवड्यातला एक तास फक्त शिक्षकांसाठी ठेवा, तुझ्यासह. आणि रोज सकाळी "काही बातमी?" म्हणून विचारू नका. चहा दे, शेजारी बस. बोलल्या तर ऐक, नाही बोलल्या तर तहकीक करू नकोस.

तूही रात्री झोपताना युद्धाचे व्हिडिओ बघत बसतेस, ते बंद कर. त्यानं त्या मुलाचा काही फायदा नाही आणि तुझी झोप जाते.

मोकळ्या तासाचं सोमवारीच विचार. प्राचार्य काय म्हणाले ते मला कळव. नाही म्हणाले तर इतर शिक्षकांशी बोलून पुन्हा विचार, पण सोडू नकोस.

तुझी
आई