रात्री तीनदा उठतोस म्हणून

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुझा आवाज ओढल्यासारखा वाटला म्हणून विचारलं, तर म्हणालास, "काही नाही बाबा, रात्री तीन-चारदा लघवीला उठावं लागतं. होतंच आता." आणि विषय बदललास. मागून सूनबाईचा आवाज आला, की संध्याकाळी सहानंतर तू पाण्याचा घोटसुद्धा घेत नाहीस. तेव्हापासून माझ्या डोक्यातून ते जात नाही. असलं बोलणं फोनवर नीट होत नाही, म्हणून लिहितोय.

"होतंच आता" हे मीही दोन वर्षं म्हणत होतो. तेव्हा मी सहासष्ट वर्षांचा होतो. ज्याला सांगावं तो म्हणायचा, प्रोस्टेट असणार, या वयात पुरुषांना दुसरं काय असतं! सोनोग्राफीत ती थोडी वाढलेली निघालीही, आणि गोळी सुरू झाली. दिवसाची धार सुधारली, रात्रीचं उठणं मात्र तसंच राहिलं. औषधाचा गुण एवढाच, असं मी मनाशी ठरवून टाकलं. मग एके रात्री झोपेच्या गुंगीत, दिवा न लावता उठलो आणि बाथरूमच्या दारात पडलो. मनगटावर निभावलं. पाय घसरला एवढंच तुला सांगितलं होतं. तेव्हा कितव्यांदा उठलो होतो, ते सांगितलं नाही. त्या वयात खुब्याचं हाड मोडलं असतं तर माणूस महिनोन्महिने अंथरुणाला खिळतो, हे मला ठाऊक होतं, आणि तरीही मी तुझ्यापासून लपवलं. ते चुकलंच माझं.

त्यानंतर ज्या मूत्ररोगतज्ज्ञांकडे गेलो, त्यांनी पहिल्या भेटीत नवीन गोळी दिलीच नाही. मापाचं भांडं आणा आणि तीन दिवसांची वही लिहून या, म्हणाले. मला ते जरा पोरकट वाटलं होतं. पण दोन वर्षांत जे कुणाला कळलं नाही, ते त्या वहीनं तीन दिवसांत दाखवलं.

आधी निरोगी शरीरात काय होतं ते सांगतो. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण 300 ते 500 मिलिलिटर लघवी मावते. झोपेत मेंदू व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक जास्त सोडतो. त्यानं मूत्रपिंडं पाणी राखून धरतात, रात्रीची लघवी कमी आणि दाट होते, आणि माणूस सहा-सात तास सलग झोपतो. हे तीन ठिकाणी बिघडू शकतं. लघवी जास्त तयार होत असेल, पिशवीत मावत कमी असेल, किंवा झोपच मोडत असेल आणि जाग आलीच आहे म्हणून माणूस जाऊन येत असेल. बाहेरून तिन्ही एकसारखीच दिसतात. उपाय मात्र अगदी वेगळे, म्हणून मोजल्याशिवाय काही कळत नाही.

माझ्या वहीतली एक रात्र अजून पाठ आहे : 260, 240, 220 आणि सकाळी उठल्यावर 180. एकूण 900 मिलि. चोवीस तासांची सगळी लघवी होती 1900. म्हणजे जवळपास निम्मी रात्रीतच! 65 च्या पुढे रात्रीचा वाटा 33 टक्क्यांच्या वर गेला, तर रात्री लघवी जास्त बनते आहे असं समजतात. तरुण वयात ही मर्यादा साधारण 20 टक्के धरतात. डॉक्टर म्हणाले, दर वेळी 70-80 मिलि होऊन पुन्हा घाई लागत असती, तर मी प्रोस्टेटला किंवा पिशवीच्या चिडखोरपणाला दोष दिला असता. तुमची पिशवी भरते आहे. प्रश्न एवढाच, की रात्री एवढं पाणी येतं कुठून?

मग त्यांनी माझे घोटे दाबून पाहिले. दिवसभर पायांत साचलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परततं आणि रात्री लघवीवाटे निघतं. हृदय कमजोर असेल, पायाच्या शिरा सैल झाल्या असतील, किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी पायांवर सूज येत असेल, तरी हे घडतं. लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी उशिरा घेतली, तरीही. माझे पाय ठीक होते, हृदयाची सोनोग्राफीही ठीक निघाली. तेव्हा त्यांनी माझ्याकडे न बघता तुझ्या आईला विचारलं, "हे घोरतात का?"

तुझी आई तीस वर्षं हेच सांगत होती, आणि ते लघवीशी जोडायचं कुणाला सुचलं नव्हतं. झोपेत घसा मिटून श्वास अडकतो, तरी छाती हवा ओढायची धडपड करत राहते. त्या ओढीनं हृदयाकडे जास्त रक्त खेचलं जातं, वरचे कप्पे ताणले जातात, आणि हृदयाला वाटतं की शरीरात पाणी फार झालंय. ते मीठ आणि पाणी बाहेर टाकायला सांगणारं संप्रेरक सोडतं, आणि मूत्रपिंडं बिचारी ऐकतात. रात्रभर यंत्रं लावून झोपेची तपासणी केली, तेव्हा ते नक्की झालं. आता मी हवेच्या दाबाचा मास्क लावून झोपतो. पहिले पंधरा दिवस नकोसं झालं होतं, खोटं कशाला सांगू. पण तीन-चारदा उठणं एकदावर आलं, आणि काही रात्री तर सरळ सकाळच होते.

तुझं कारण माझंच असेल असं मी म्हणत नाही. तू चव्वेचाळीसचा आहेस, आणि तुझ्या बाबतीत मला सगळ्यात आधी साखरेची शंका येते. तुझ्या आजीला मधुमेह होता, विसरू नकोस. रक्तातली साखर साधारण 180 च्या वर गेली, की ती लघवीत उतरू लागते आणि आपल्याबरोबर पाणी ओढून नेते. मग लघवी दिवसाही वाढते आणि तहानही फार लागते. उपाशीपोटी 126 किंवा अधिक, अथवा तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीएवनसी 6.5 किंवा अधिक आली, की मधुमेह धरतात, आणि खात्रीसाठी बहुधा पुन्हा तपासतात. म्हणूनच तुझं पाणी तोडणं ऐकून मी घाबरलो. कारण साखर असेल, तर शरीर पाणी गमावत असताना तू वरून पाणी बंद करतो आहेस. झोपायच्या आधीचे दोन तास बेतानं प्यावं हे बरोबर, चहा-कॉफी आणि मद्य संध्याकाळी टाळावं हेही बरोबर, पण तहान मारू नकोस.

वही अशी लिही. नेहमीसारखे जातील असे तीन दिवस निवड. दर वेळी वेळ आणि माप लिही, काय प्यायलास तेही. झोपायला जाण्याआधीची लघवी दिवसात धर, सकाळची पहिली रात्रीत. इथेच बहुतेकांचं चुकतं. चोवीस तासांची बेरीज वजनाच्या दर किलोमागे 40 मिलिच्या वर जाते का बघ. 70 किलोच्या माणसाला ते 2.8 लिटर होतं. त्याच्या वर गेली, तर नुसती रात्रीचीच नव्हे, एकूणच लघवी जास्त बनते आहे असं समज. रात्रीच्या प्रत्येक नोंदीपुढे एक शब्द आणखी लिही : लघवीनं जाग आली, की जाग आल्यावर लघवी आठवली? हे फक्त तूच सांगू शकतोस. गेल्या वर्षी नोकरीच्या काळजीनं तुझी झोप उडाली होती, ते मला माहीत आहे. आधी जाग आणि मग लघवी असं उत्तर निघालं, तर औषध झोपेचं आणि मनाचं बघावं लागेल, लघवीचं नव्हे.

वही घेऊनच डॉक्टरकडे जा. ते लघवीची साधी तपासणी, साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडं नीट चालतात का ते दाखवणारी रक्ततपासणी) आणि पोटाची सोनोग्राफी सांगतील. सोनोग्राफीत लघवी करून आल्यावर पिशवीत किती उरते हे बघायला सांग, नाहीतर ते राहून जातं. घेत असशील त्या सगळ्या गोळ्यांची नावं सांग. बद्धकोष्ठ असेल तर तेही लाजू नकोस सांगायला, भरलेलं आतडं पिशवीवर दाब देतं. आणि रात्रीची लघवी थांबवणारी गोळी कुणाच्या सांगण्यावरून परस्पर घेऊ नकोस. तिच्यानं रक्तातलं सोडियम धोकादायक उतरू शकतं.

लघवीत रक्त दिसलं, जळजळीबरोबर ताप-थंडी आली, लघवी तुंबून ओटीपोट दुखू लागलं किंवा पायांत अचानक बळ नाहीसं झालं, तर वही-बिही राहू दे, त्याच दिवशी जा. मला मध्यरात्री फोन केलास तरी चालेल.

आज रात्रीपासून बाथरूमच्या वाटेवर छोटा दिवा लावून ठेव. वही पुरी झाली की पानांचे फोटो मला पाठव, मी बेरीज करून बघतो. आणि सूनबाईला विचार, तुझं घोरणं मध्येच थांबून एकदम दचकल्यासारखा श्वास येतो का. ती काय सांगते ते पहिल्याच पानावर लिही.

तुझे,
बाबा