शांततेत झोपणाऱ्या हेडफोनबाबत तक्रार

मिरज
दि. १४ जुलै २०२५

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ‘गेमिंगसाठी खास’ म्हणून विकलेला वायरलेस हेडफोन शांततेनंतरच्या आवाजाची सुरुवात गिळत असल्याबाबत, आणि पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय / महोदया,

मी २ जून रोजी आपल्या संकेतस्थळावरून ६,४९९ रुपयांना वर उल्लेखलेला हेडफोन घेतला. ९ जूनला पहिली तक्रार केली. १९ जूनला आपण तो बदलून दिला, त्याबद्दल आभार. बदलून आलेला नगही अगदी तेच करतो. त्यानंतर केलेल्या दोन्ही तक्रारी ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून बंद झाल्या. शेवटच्या फोनवर आपल्या प्रतिनिधीने मला विचारले, “सर, गेममध्ये आवाजच नसेल तर हेडफोन काय ऐकवणार?” या प्रश्नाचे उत्तर मला फोनवर धड देता आले नाही, म्हणून हे पत्र. थोडे लांबेल, पण शेवटपर्यंत वाचावे ही विनंती.

आधी दोष सांगतो. आवाज थांबला, किंवा अगदी बारीक झाला, की काही सेकंदांत हा हेडफोन बॅटरी वाचवण्यासाठी झोपी जातो. पुन्हा आवाज आला की जागा होतो, पण जागा व्हायला त्याला अर्धा-पाऊण सेकंद लागतो आणि तेवढा आवाज गेला तो गेलाच. मोबाइलवर गाणी ऐकणाऱ्याच्या हे लक्षातही येणार नाही. बंदुकांच्या गेममध्येही येणार नाही, कारण तिथे आवाज थांबतोच कुठे? सदा दिवाळी. मी जो गेम खेळतो त्यात मात्र सगळा खेळ त्या अर्ध्या सेकंदातच असतो.

मी हिटमॅन खेळतो. आपल्या नोंदीत माझ्या तक्रारीपुढे ‘शूटिंग गेम’ असे लिहिले आहे, ते कृपया दुरुस्त करावे. डेन्मार्कच्या आयओ इंटरॅक्टिव्ह या कंपनीने २००० साली सुरू केलेली ही मालिका आहे. नायक म्हणजे एजंट ४७ : तुळतुळीत टक्कल, डोक्यामागे बारकोड, काळा सूट, लाल टाय. धंद्याने भाडोत्री मारेकरी. त्याच्याकडे दोन पिस्तुले असतात हे खरे, पण ती काढावी लागली म्हणजे डाव फसला असे समजायचे. नाणे फेकून पहारेकऱ्याला दोन पावले बाजूला काढायचे, त्याला बेशुद्ध करून कपाटात कोंबायचे, त्याचा गणवेश चढवायचा आणि काही घडलेच नाही अशा चेहऱ्याने पुढच्या खोलीत जायचे. वेश बदलला तरी प्रत्येक जण फसत नाही. ज्याच्या डोक्यावर पांढरा ठिपका दिसतो तो त्या वेशाला ओळखतो, त्याच्यापासून लांब राहायचे. सर्वांत वरचा दर्जा ‘सायलेंट असॅसिन’ हा. तो हवा असेल तर ज्याची सुपारी आहे त्याच्याखेरीज कुणाच्या जिवाला धक्का नाही, कुणी आपल्याला पाहायचे नाही, प्रेत कुणाला सापडायचे नाही, आणि कॅमेऱ्यात आलात तर ते चित्रण पुसायचे.

एका मिशनला माझे दीड-दोन तास जातात. त्यातला बराच वेळ मी नुसता उभा असतो. पडद्यामागे, कपाटात, नाहीतर गर्दीत. बायको म्हणते, “तुम्ही खेळताय की कुणाची वाट बघताय?” वाटच बघत असतो. पाऊल कुठून येते, कोण कुणाशी काय बोलतो, दार कोणत्या बाजूला करकरते, यावर पुढची चाल ठरते. या जातीच्या गेममध्ये आवाजाचे महत्त्व काही आज आलेले नाही. १९९८ सालच्या ‘थीफ’मध्ये फरशीवर, लोखंडी जाळीवर आणि गालिच्यावर पाऊल वेगवेगळे वाजत असे आणि पहारेकरी ते ऐकत असत. आपण त्यांचे ऐकायचे, त्यांनी आपले ऐकू नये, एवढीच काय ती स्पर्धा.

आता आपल्या तपासणीत दोष का सापडला नाही, याबद्दलचा माझा अंदाज सांगतो. २०१६ पासून हिटमॅनचे तीन नवे भाग आले; त्यातल्या २०१८ च्या दुसऱ्या भागात मुंबईची एक लेव्हल आहे. तिथे वझीर काळे नावाचे एक टार्गेट आहे. आडनाव वाचून मला उगाच घरचे माणूस भेटल्यासारखे झाले; गृहस्थ समुद्री चाच्यांचा म्होरक्या निघाला. त्याचा चेहरा सुरुवातीला ठाऊक नसतो, शोधून काढावा लागतो. सापडला की न्हाव्याच्या वेशात त्याची दाढी करायचीही सोय आहे, पुढचे सांगायला नको. तर या मुंबईत आपला हेडफोन झकास चालला. एक आवाज गाळला नाही. मुंबईत शांतता आहे कुठे! गल्लीत माणसे, चाळीत माणसे, हेडफोनला डोळा मिटायला फुरसत नाही. आपल्या तपासणी केंद्रात बहुधा कायम मुंबईच चालू असते.

दोष दिसला डार्टमूरमध्ये. ही लेव्हल जानेवारी २०२१ मध्ये आलेल्या तिसऱ्या भागातली. इंग्लंडमधला जुना वाडा, घरात एक मृत्यू झालेला, कुटुंब जमलेले, आणि त्या मृत्यूचा छडा लावायला बोलावलेला एक खासगी गुप्तहेर. त्याचा वेश घ्यायचा आणि मारायला आलेल्या माणसानेच खुनाचा तपास करायचा. मला या मालिकेतली ही सर्वांत आवडती कल्पना. घरातल्या एकेकाला प्रश्न विचारायचे, खोल्या धुंडाळायच्या, भिंतीआड लपलेली वाट शोधायची. लांबच लांब ओसाड खोल्या, जाड भिंती, आणि आवाज म्हणाल तर जवळजवळ नाहीच. २२ जूनच्या रात्री मी तपास बाजूला ठेवून, जिथे जायला मज्जाव होता अशा खोलीत कागद चाळत होतो. सगळे सामसूम होते. मागून कुणीतरी आले. त्याची दोन पावले वाजली असणार. मला तिसरे ऐकू आले. वळेपर्यंत त्याने आरडाओरडा केला होता. सव्वा तासाचा खेळ पाण्यात गेला. सेव्ह करून ठेवले होते का, असे आपला प्रतिनिधी विचारेल. नव्हते. तो माझा मूर्खपणा, त्याची भरपाई मागत नाही.

यात संगीताचाही मुद्दा आहे आणि तो मला जास्त लागला. या गेममधले संगीत सजावटीसाठी नसते, ते पहाऱ्यावर असते. २०१६ पासूनच्या तिन्ही भागांचे संगीत नील्स बाय नील्सन यांचे आहे. आपण सुरक्षित असू तोवर ते इतके खाली असते की आहे हे विसरायला होते. कुणाला आपला संशय आला की त्यात एक नवा थर शिरतो, पाठलाग सुरू झाला की ठेका बदलतो. म्हणजे पडद्यावर काही दिसायच्या आधी कानाला इशारा मिळतो. आपला हेडफोन त्या खालच्या सुरांना ‘आवाज नाही’ असे समजून झोपतो आणि बदलाची पहिली थाप खातो. इशारा पोचतो, पण बातमी शिळी झाल्यावर. घरात चोर शिरल्यावर भुंकणारे कुत्रे कोण पाळेल?

जुन्या भागांची गत आणखी वाईट. त्यांतल्या पहिल्या चार भागांचे संगीत येस्पर किड यांचे. २००२ च्या भागाचे नावच ‘सायलेंट असॅसिन’ होते; त्यासाठी त्यांनी बुडापेस्टचा सिंफनी वाद्यवृंद आणि हंगेरियन रेडिओचे गायकवृंद घेतले होते. २००४ च्या ‘काँट्रॅक्ट्स’ या भागाच्या संगीताला ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. कॉलेजात असताना मी ‘सायलेंट असॅसिन’ नेटकॅफेत खेळलो, तोही चोरटी सीडी लावून, आणि त्या सीडीत जागा वाचवण्यासाठी संगीतच कापून टाकलेले होते. ते वृंदगान या गेममध्ये आहे हे मला पुढे कित्येक वर्षांनी कळले. आता पदरचे पैसे मोजून गेम घेतला, पदरचे पैसे मोजून हेडफोन घेतला, आणि संगीत पुन्हा कापलेलेच. तेव्हा निदान फुकट तरी होते.

दुसरी तक्रार, थोडक्यात. आपल्या खोक्यावर मायक्रोफोनचे चित्र आहे. माझा आतेभाऊ कोल्हापुरात बसून माझा खेळ बघतो आणि नको ते सल्ले देतो, त्यासाठी मी माइक सुरू केला. त्या क्षणी सगळा आवाज टेलिफोनसारखा झाला, डावे-उजवे कळेना, बुडापेस्टचे गायक एसटी स्टँडवरच्या भोंग्यातून गायला लागले. ब्लूटूथवर बोलणे आणि चांगल्या दर्जाचे ऐकणे दोन्ही एकदम बहुधा जमत नाही, हे मी नंतर वाचले. मान्य. पण ही गोष्ट खोक्यावर लिहायची जबाबदारी कुणाची? तिथे तर डावीकडून आलेला शत्रू डावीकडेच ऐकू येईल असे मोठ्या अक्षरांत लिहिले आहे.

माझे कान खोटे बोलत असतील म्हणून मी दुसऱ्याचे घेतले. मिरजेत तंबोरे बनतात हे आपण ऐकून असाल. आमच्या शेजारचे काका त्याच व्यवसायात आहेत, जवारी काढण्यात, म्हणजे तार नीट घुमावी म्हणून तिच्याखालची घोडी घासून जुळवण्यात, हयात गेली. त्यांना गेमचे काही सांगितले नाही. तंबोऱ्याची एकच तार छेडायची, आवाज पुरता विरू द्यायचा, दहा सेकंद थांबायचे, पुन्हा छेडायची, असे रेकॉर्डिंग करून हेडफोनवर ऐकवले. तिसऱ्या छेडीला त्यांनी हेडफोन काढून माझ्याकडे पाहिले. म्हणाले, “तार छेडली तो क्षणच नाही की हो यात. नुसती आस ऐकू येतीय.” आस म्हणजे छेडल्यानंतर मागे रेंगाळणारा सूर. मग तेच रेकॉर्डिंग हेडफोनला वायर जोडून ऐकवले. म्हणाले, “आता आहे.” आपल्या तपासणी केंद्राने तीन पत्रांत जे सांगितले नाही, ते काकांनी दोन वाक्यांत सांगितले.

वीस छेडींपैकी वीस वेळा वायरलेसवर सुरुवात गेली, वायरवर एकदाही नाही. कानाच्या कपाला मोबाइलचा माइक लावून दोन्ही रेकॉर्ड केले आहे, फाइल पत्रासोबत आहेत. म्हणजे दोष स्पीकरचा नाही, झोपण्याच्या सवयीचा आहे. ही सवय बंद करण्याचे बटण आपल्या अॅपमध्ये कुठेही नाही. आपल्या दुसऱ्या प्रतिनिधीने सुचवलेला उपायही करून पाहिला. मागे पावसाचा आवाज बारीक लावून ठेवायचा, म्हणजे हेडफोन जागा राहतो. राहतो खरा. डार्टमूरला पाऊस शोभूनही दिसतो. पण मग पावसात पाऊल ऐकू येत नाही! आणि वायर लावूनच खेळा, हा सल्ला असेल तर वायरचा हेडफोन माझ्याकडे आधीपासून होता, आठशे रुपयांचा.

आपली तपासणी कशी होते हे मी विचारले तेव्हा ‘दहा मिनिटे गाणे वाजवून बघतो’ असे उत्तर मिळाले. गाण्यात हा दोष सापडणे शक्यच नाही. टॉर्च सुरू ठेवून काजवे शोधण्यातला प्रकार आहे हा.

माझ्या मागण्या अशा. पूर्ण ६,४९९ रुपये परत मिळावेत. आपण नवी फर्मवेअर (हेडफोनच्या आतले सॉफ्टवेअर) देऊन ही झोप बंद करण्याची सोय करणार असाल, आणि ती कोणत्या तारखेपर्यंत हे लेखी कळवणार असाल, तर मी हेडफोन ठेवायला तयार आहे, कारण बसायला तो आरामशीर आहे आणि बॅटरी उत्तम टिकते (का टिकते ते आता कळलेच). तिसरा नग बदलून नको. शिवाय, ‘पावलांची चाहूल सर्वांत आधी’ या अर्थाचे जे वाक्य आपल्या जाहिरातीत आहे ते या उत्पादनापुरते काढावे.

ई-कॉमर्सविषयीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. माझ्या १ जुलैच्या तक्रारीची पोच सहाव्या दिवशी आली आणि तीन दिवसांनी तक्रार बंद झाली. या पत्राला १५ दिवसांत उत्तर आले नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते, म्हणजे खेटे आपल्याला सांगलीला घालावे लागतील. फसव्या जाहिरातीचा मुद्दा त्यात वेगळा येईल. तशी वेळ येऊ नये अशी इच्छा आहे, मला सुट्या कमी असतात.

सोबत : बिलाची प्रत, तिन्ही तक्रारींचे क्रमांक व उत्तरे, तंबोऱ्याची दोन रेकॉर्डिंग, आणि डार्टमूरच्या त्या रात्रीचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ. व्हिडिओत अठराव्या सेकंदाला गेमचा मूळ आवाज आणि हेडफोनमधला आवाज एकापाठोपाठ ऐकवला आहे. ऐकताना कृपया आपल्या कंपनीचा हेडफोन वापरू नये.

हेडफोन मूळ खोक्यात, वायर आणि चार्जरसह बांधून ठेवला आहे. न्यायला माणूस पाठवणार असाल तर संध्याकाळी सहानंतर पाठवावा. बेल बिघडली आहे, दार वाजवायला सांगावे, आणि एकदा वाजवून थांबू नये.

आपला,
एक ग्राहक
(नाव, पत्ता व दूरध्वनी सोबतच्या बिलावर)