मिस्त्रीकाका, तुमच्या पुठ्ठ्याबद्दल

आदरणीय मिस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

परवा बाबांची पद्मिनी घेऊन कसारा घाट चढलो. वर थांबल्यावर बॉनेट उघडलं. इंजिनाच्या हेडच्या, म्हणजे वरच्या भागाच्या, कडेने बोट फिरवलं, तेलाचा टिपूससुद्धा नाही. आई शेजारी उभी होती, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. घरी आल्याबरोबर हे पत्र लिहायला घेतलं.

१९८४ची ही गाडी, कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीची. अकरा वर्षं ताडपत्रीखाली होती. सगळे भंगारात द्या म्हणत होते. तुम्ही पहिल्या दिवशी माझ्या हातात पान्याऐवजी पुठ्ठा दिलात आणि त्यावर इंजिनाचं चित्र काढून जिथला बोल्ट तिथेच खोचायला लावलात. त्याचं मोल जोडणीच्या वेळी कळलं. बोल्टांची जाडी एकच, पण लांबी वेगळी. आखूड बोल्टच्या जागी लांब गेला की तो तळाला टेकतो, हाताला घट्ट लागतो आणि झाकण मात्र सैलच राहतं.

पूर्वी कुणीतरी आठ मिलिमीटरच्या भोकात इंची बोल्ट दामटला होता. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखेच. तुम्ही आट्यांवर गेज (आटे मोजायची पट्टी) लावून फरक दाखवलात, मग भोक मोठं करून हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवलंत.

आणि तो सायलेन्सरच्या बाजूचा स्टड, डोकं नसलेला बोल्ट! माझ्याच हातून हेडच्या पातळीला तुटला. तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत. तुटक्या तोंडावर नट ठेवून आतून वेल्डिंग भरलंत. वेल्डिंग हेडच्या अ‍ॅल्युमिनियमला धरत नाही, स्टडलाच धरतं, हे तेव्हा समजलं. निवल्यावर पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे, असं करत रात्री साडेनऊला तो सबंध बाहेर आला. तुमचं जेवण राहिलं होतं, काका.

हेड आवळतानाही मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, तीन टप्प्यांत, प्रत्येक आटा आधी ब्रशने साफ करून. ठरलेल्या जोराइतकं आवळलं की टॉर्क पाना ‘टक्’ वाजायचा, आणि तो वाजला की माझ्या खांद्यावर हात ठेवायचात.

मजुरी तुम्ही निम्मीच घेतलीत. बाकीचं ऋण तसंच आहे.

पाचशे किलोमीटर होत आलेत. तेवढ्यानंतर हेड पुन्हा तपासायचं म्हणाला होतात. रविवारी सकाळी गाडी घेऊन येतो, इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच बघू. आईने तुमच्यासाठी पुरणपोळ्या करायच्या ठरवल्यात.

तुमचा,
पद्मिनीवाला