मित्रास पत्र: परत आणलेला झेटन

निशी-कासाई, तोक्यो

प्रिय दिगू,

सप्रेम नमस्कार.

चार महिने तुला पत्र नाही, याबद्दल आधी क्षमा कर. आज लिहायला बसलो आहे ते एका अशा गोष्टीमुळे, की ती तुझ्याखेरीज कोणाला सांगितली तरी समजणार नाही. आमच्या सर्वांच्या प्रकृती ठीक आहेत. आईचा गुडघा जसा होता तसाच आहे.

मी आणि चिरंजीव वर्षभरापासून जपानी टीव्ही मालिकेतला महानायक अल्ट्रामॅन आणि त्याच्याशी लढणारे कैजू, म्हणजे अजस्र राक्षस, यांच्या जोडायच्या फिगर जमवतो आहोत, हे तुला माहीत आहेच. या फिगर बनवणाऱ्या शांघायच्या ब्लोकीज कंपनीचे समभाग जानेवारी 2025 मध्ये हाँगकाँगच्या बाजारात आले, तेव्हा खेळण्यांना एवढी मागणी कशी, असे तू फोनवर विचारले होतेस. त्याचे उत्तर आमच्या जेवणाच्या टेबलावर रोज मांडलेले असते. डबा बंद असतो आणि आत कोण निघेल हे उघडल्याशिवाय कळत नाही. पिशवीतले सुटे भाग काढून आधी सांगाडा जोडायचा आणि मग त्यावर एकेक कवच खट्कन बसवत जायचे. गोंद लागत नाही. अल्ट्रामॅनची शक्ती संपत आली की लुकलुकणारा छातीवरचा तो छोटा दिवा, कलर टायमर, बसवण्याचा मान चिरंजीवांचा असतो.

आम्हाला झेटन हवा होता. 1966 च्या मूळ मालिकेच्या 39 व्या आणि शेवटच्या भागात अल्ट्रामॅनला हरवणारा हाच तो काळा कैजू, ज्याच्या चेहऱ्यावर आणि छातीवर पिवळे पट्टे आहेत. त्याचे नावही शेवटाचेच आहे: रोमन लिपीतले शेवटचे अक्षर झेड आणि जपानी वर्णमालेतले शेवटचे अक्षर न. आपल्याकडे जन्मला असता तर त्याच्या नावात ‘ज्ञ’ नक्कीच आला असता, आणि कुलकर्णी मास्तरांनी त्याचा उच्चार आपल्याकडून शंभर वेळा करून घेतला असता. अकरा डबे उघडल्यावर तो निघाला. त्या रात्री आम्ही दोघे जेवायचे विसरलो.

आठवड्याभराने तो टेबलावर दिसेना. चिरंजीवांनी तो खालच्या मजल्यावरच्या वर्गमित्राला देऊन टाकला होता आणि बदल्यात जो अल्ट्रामॅन आणला होता, तो आमच्याकडे आधीच तीन वेळा निघालेला होता. मी विचारले तेव्हा त्याने शांतपणे सांगितले, “बाबा, त्याला एकदाही झेटन निघाला नाही.” दिगू, मला राग आला. व्यवहार कसा करावा, किमतीची जाण कशी असावी, यावर मी त्याला बरेच काही सुनावले, आणि त्याच संध्याकाळी त्याचा हात धरून खाली गेलो व झेटन परत मागितला. त्या मुलाच्या आईने तीनदा वाकून क्षमा मागितली, आणि त्या क्षमेचे कारण मला त्या दारात उभा असतानाही सापडले नाही. मुलगा आत गेला आणि पांढऱ्या पातळ कागदात गुंडाळलेली फिगर घेऊन आला.

घरी येऊन कागद सोडला. झेटनच्या डोक्यावर दोन शिंगे असतात. त्यांतले डावे आम्ही जोडताना उलटे बसवले होते आणि ते आमच्या लक्षातही आले नव्हते. त्या मुलाने ते काढून सरळ बसवून दिले होते.

आता तुला कळले असेल की मी हे तुलाच का लिहितो आहे. सातवीत तू माझ्याकडून घेतलेले अंडरटेकर या कुस्तीगिराचे कार्ड मी दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांसमोर परत मागितले होते. तू ते दिलेस तेव्हा त्याच्या फाटलेल्या कोपऱ्याला सेलोटेप लावलेला होता. मी तेव्हा तो पाहिला होता. तू दीड महिना माझ्याशी बोलला नाहीस आणि मी घरी सर्वांना सांगत राहिलो की दिग्या आखडू आहे. नंतर बापूच्या मुंजीत जिलेबीच्या पंगतीला आपण शेजारी बसलो आणि भांडण मिटले, पण त्या कार्डाविषयी आपण एकदाही बोललो नाही. ते कार्ड माझ्यापाशी फार दिवस राहिलेही नाही. कुठे गेले, ते आठवत नाही.

झोपताना चिरंजीव म्हणाला, “शेवटच्या भागात झोफी दोन जीव घेऊन येतो, एक अल्ट्रामॅनसाठी आणि एक हायातासाठी. माझ्याकडे तर झेटन एकच होता.” (झोफी हा अल्ट्रामॅनच्याच जातीचा, आणि हायाता हा अल्ट्रामॅन ज्याच्याशी एकरूप झालेला असतो तो माणूस.) मी काही बोललो नाही. तेव्हापासून तो टेबलापाशी येत नाही, आणि एक डबा तसाच बंद पडून आहे.

तुझ्या घराचा स्लॅब पडला का? वहिनींच्या बदलीचे काय झाले, तेही कळव. धाकटीला दहावीसाठी आशीर्वाद.

रविवारी चिरंजीवांना आणि त्या वर्गमित्राला घेऊन सोशिगाया-ओकुरा स्थानकाबाहेरचा अल्ट्रामॅनचा पुतळा दाखवायला जावे आणि झेटन तिथेच त्या मित्राच्या हाती द्यावा, असे मनात आहे. पण तो माझ्या हातून घेईल का? मी ते कार्ड तुला पुन्हा आणून दिले असते, तर तू घेतले असतेस का? आडपडदा न ठेवता सांग, आणि शनिवारच्या आत सांग.

तुझा,
नंदू