शुभदाला पत्र : गाठ, हार्मोन आणि ते ‘पीआर पॉझिटिव्ह’

पुणे

प्रिय शुभदा,

स. न. वि. वि. लिहिणार होते, पण तसं लिहिलं तर तू फोन करून शिव्या घालशील.

तुझ्या ऑपरेशनच्या स्लाइड्स आणि ब्लॉक, म्हणजे गाठीचा तुकडा बसवलेला मेणाचा चौकोन, कुरिअरने नीट पोचले. परवा फोनवर तू एका दमात इतकं विचारलंस की माझं एक उत्तर पुरं होईतो तुझा पुढचा प्रश्न तयार. म्हणून हे लिहितेय. सावकाश वाच.

तुझी गाठ मी स्वतः पाहिली. मेनिन्जिओमा, ग्रेड १, म्हणजे सगळ्यात सौम्य, काही शंका नाही. पेशी एकमेकींभोवती गुंडाळून भोवरे करून बसल्यात. मधेमधे सॅमोमा बॉडी, म्हणजे कॅल्शियमचे बारीक कण, एकात एक वर्तुळं असलेले. विभागणी चाललेली पेशी मात्र शोधशोधून सापडली. ही गाठ मेंदूतली नव्हे, मेंदूवरच्या आवरणातली. तुझ्या जावयाने ‘ब्रेन कॅन्सर’ म्हणून सगळ्या नातेवाइकांना कळवलंय, त्याला आधी हे सांग.

आता पीआर. प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर, म्हणजे प्रोजेस्टेरॉन या हार्मोनला धरणारं पेशीतलं प्रथिन, आहे का हे बघायला स्लाइडवर एक स्टेन, म्हणजे रंगाची तपासणी करतात. रिसेप्टर असेल तिथे पेशीचं केंद्रक तपकिरी होतं, नसेल तिथे निळं राहतं. तुझ्या स्लाइडवर जिकडे बघावं तिकडे गडद तपकिरी. यालाच रिपोर्टमध्ये ‘पीआर पॉझिटिव्ह’ म्हटलंय, आणि ते वाचून तू रात्रभर जागलीस. अगं, या गाठींत हे बहुतेकदा सापडतंच. साधारण दोन-तृतीयांश मेनिन्जिओमांत तो रिसेप्टर असतो. ग्रेड वाढत जातो, गाठ आडदांड होते, तसा तो नाहीसा होऊ लागतो. तो निळा रंग दिसला की आम्ही जास्त सावध होतो. तुझ्या स्लाइडवरचा तपकिरी रंग पाहून मला बरंच वाटलं.

पण मग हार्मोनने गाठ वाढते हे खरं की खोटं? खरं आहे, फक्त तू समजतेस तितकं सरळ नाही. पेशीला ‘वाढ’ हा निरोप दोन प्रकारे पोचतो. ग्रोथ फॅक्टर नावाची प्रथिनं पेशीच्या आत जाऊ शकत नाहीत. ती दारावरची बेल वाजवतात, आणि आतली माणसं एकमेकांना हाका मारत तो निरोप केंद्रकापर्यंत नेतात. प्रोजेस्टेरॉन घरच्या माणसासारखं स्वतःच्या किल्लीने आत येतं, आतल्या रिसेप्टरला धरतं आणि त्याच्यासकट थेट डीएनएवर जाऊन बसतं. काही जीन चालू होतात, काही बंद. मेनिन्जिओमात पहिल्या वाटेवरही बिघाड असतो. साधारण निम्म्या गाठींत २२ व्या गुणसूत्रावरचा एनएफ२ जीन निकामी झालेला असतो. त्यातून मर्लिन नावाचं प्रथिन बनतं, वाढीला लगाम घालणारं. ते नसलं की आतल्या हाका थांबतच नाहीत. उरलेल्यांपैकी काहींत एकेटी१ किंवा पीआयके३सीए या जीनमध्ये बदल असतो. परिणाम तसाच. म्हणजे एकट्या हार्मोनवर सगळं खापर फोडता येत नाही.

हार्मोनचा संशय मात्र जुना आहे. ही गाठ बायकांत पुरुषांच्या दुपटीहून जास्त दिसते. ‘मेनिन्जिओमा’ हे नाव १९२२ मध्ये अमेरिकन न्यूरोसर्जन हार्वे कुशिंग यांनी दिलं. १९२९ मध्ये त्यांनी आणि लुईज आयझेनहार्ट यांनी लिहिलं की गरोदरपणात या गाठीचा त्रास वाढतो आणि बाळंतपणानंतर उतरतो. आयझेनहार्टबाई कुशिंग यांच्याकडे लिखाणाच्या मदतनीस म्हणून लागल्या, मग डॉक्टर झाल्या आणि पुढे त्यांच्याच गाठींच्या पॅथॉलॉजिस्ट. लोकांना कुशिंग माहीत असतात, त्या नाही. आम्हा पॅथॉलॉजिस्टांच्या जमातीचं हे नेहमीचंच.

तुझा पुढचा प्रश्न, रिसेप्टर आहे तर तो बंद करणारी गोळी का देत नाहीत? दिली होती. मिफेप्रिस्टोन, आपल्याकडे गर्भपाताची गोळी म्हणून ओळखतात ती. १९९१ मध्ये १४ जणांवरच्या छोट्या प्रयोगात पाच जणांना थोडा गुण आला आणि सगळ्यांच्या आशा वाढल्या. मग अमेरिकेत १६४ जणांवर नीट चाचणी झाली. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना औषध नसलेली, दिसायला तशीच. २०१५ मध्ये निकाल छापून आला, दोन्हींत काही फरक नाही. म्हणून कुणी तुला ‘अँटी-हार्मोन’ने गाठ विरघळवतो म्हणालं तर पैसे देऊ नकोस.

तुझ्या नणंदेच्या मुलीची गाठ गोळीने आटली, हे तू तीनदा सांगितलंस. तिची पिट्यूटरीची, म्हणजे मेंदूखालच्या ग्रंथीची होती, प्रोलॅक्टिन हे हार्मोन बनवणारी. त्या पेशींवर डोपामिनचा रिसेप्टर असतो आणि डोपामिन त्यांना आवरून धरतं. कॅबरगोलिन ही तिची गोळी त्याच रिसेप्टरला चिकटून ब्रेक दाबते, म्हणून आठवड्यातून दोन गोळ्यांवर गाठ लहान होते. तुझ्या गाठीला असा हाताशी येणारा ब्रेक नाही. रिसेप्टर दोघींतही आहे, काम वेगळं.

आता तीन महिन्यांच्या गर्भनिरोधक इंजेक्शनबद्दल, जे तू शेवटी हळूच विचारलंस. हा प्रश्न रास्त आहे. त्या इंजेक्शनात मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन असतं. सरकारी दवाखान्यांत ‘अंतरा’ म्हणून मिळतं ते हेच. फ्रान्समध्ये २००९ ते २०१८ या काळात मेनिन्जिओमाचं ऑपरेशन झालेल्या १८,०६१ बायकांची तुलना गाठ नसलेल्या ९०,३०५ बायकांशी केली, निकाल २०२४ मध्ये आला. हे इंजेक्शन वर्षभर किंवा जास्त घेतलेल्यांत धोका साडेपाच पटींच्या आसपास निघाला. आकडा ऐकून छातीत धस्स होतं, पण आत बघ. गाठवाल्या अठरा हजारांत असं इंजेक्शन घेतलेल्या बायका नऊ, दुसऱ्या गटात अकरा. तिथे ते फारसं वापरतच नाहीत. संबंध दिसतो हे खरं, पण इंजेक्शन घेणाऱ्या लाखो बायकांपैकी फारच थोड्यांना ही गाठ होते, हेही तितकंच खरं. वर्षापेक्षा कमी घेतलेल्यांत धोका वाढलेला दिसला नाही, आणि गर्भाशयात बसवायच्या लेव्होनॉरजेस्ट्रेल हार्मोनच्या कॉइलनेही नाही. त्यामुळे गणपतीत पाळी पुढे ढकलायला तू चार-पाच दिवस गोळ्या घ्यायचीस, तो हिशेब यात धरू नकोस.

तू इंजेक्शन बरीच वर्षं घेतलंस. त्यानेच झालं का, हे तुझ्या एकटीच्या बाबतीत मीच काय, कुणीच सांगू शकणार नाही. गाठ सावकाश वाढते, इंजेक्शन सुरू होण्याआधीपासूनही असेल. पण एवढी वर्षं दर तीन महिन्यांनी सुई टोचणाऱ्यांनी, हा प्रश्न पुढे आल्यावर, तुला एका शब्दाने सांगायला नको होतं? तुझ्या त्या रागाशी मी सहमत आहे.

पुढचं मात्र स्पष्ट. मधल्या मोठ्या शिरेला चिकटलेला तुकडा सर्जननी ठेवला, ते योग्यच केलं. ती शीर फाटली असती तर जिवावर बेतलं असतं. तो तुकडा आहे तोवर हे इंजेक्शन पुन्हा नाही. सायप्रोटेरोन, म्हणजे पुरुषी हार्मोन दाबणारं औषध, तर नाहीच. दिवसाला १० मिलिग्रॅम किंवा जास्त डोसवर युरोपच्या औषध नियामकाने २०२० मध्ये याच गाठीमुळे निर्बंध घातले. पीसीओडीच्या काही गोळ्यांत ते २ मिलिग्रॅम असतं. तेवढ्याने धोका दिसलेला नाही, तरी गाठ असलेल्यांना तेही देत नाहीत. सायप्रोटेरोन थांबवल्यावर बऱ्याच जणींच्या गाठी वाढायच्या थांबल्या, काहींच्या आकसल्या. हार्मोनचा हात असल्याचा इतका थेट पुरावा मला दुसरा माहीत नाही.

अंगातून वाफा येतात म्हणून शेजारणीच्या सांगण्यावरून हार्मोनच्या गोळ्या आणल्या असशील, तर पाकीट फोडू नकोस. आधी न्यूरोसर्जन आणि गायनॅक दोघांनाही दाखव, आणि दोघांनाही सांग की दुसऱ्याला विचारलंय. फिटची गोळी ‘आता फिट येत नाही’ म्हणून स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. एमआरआय ठरल्या तारखेला, आणि आधीची सीडी बरोबर. नुसत्या कागदी रिपोर्टवरून मिलिमीटरचा फरक कळत नाही.

ब्लॉक परत पाठवतेय. मेणाचा चौकोन म्हणून कपाटात कुठेही टाकू नकोस, पुढेमागे जीन तपासायची वेळ आली तर तोच लागेल. आणि गेल्या पंधरा वर्षांत घेतलेल्या हार्मोनच्या औषधांची यादी मला व्हॉट्सअॅपवर पाठव. जुन्या फायलीतल्या चिठ्ठ्यांचे फोटो काढलेस तरी चालेल, डॉक्टरांचं अक्षर मी लावते.

तुझी,
मंजू