बायोमेडिकलच्या एम.टेक.ला वॉर्ड कधी दाखवणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागे आपल्या रविवारच्या पुरवणीत ग्रॅज्युएशननंतर पुढे काय शिकावं यावर एक पान आलं होतं, त्यात बायोमेडिकल इंजिनिअरिंगवर चारच ओळी होत्या आणि त्याही भरपूर स्कोप आहे एवढंच सांगणाऱ्या. मी इंदूरचीच, लोकमान्य नगरात वाढले, बी.ई. इलेक्ट्रॉनिक्समध्ये केलं आणि मग बायोमेडिकलमध्ये एम.टेक., आणि आता तीन वर्षं एका प्रायव्हेट हॉस्पिटलात बायोमेडिकल इंजिनिअर आहे, म्हणजे मॉनिटर, व्हेंटिलेटर, शिरेतून औषध मोजून सोडणारा इन्फ्युजन पंप, हृदयाला शॉक देणारं डिफिब ही सगळी मशीनं नीट चालू ठेवणं हे माझं काम. त्या चार ओळी वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. पत्र लांबलं तर खुशाल कापा, फक्त मधला वॉर्डचा भाग कापू नका.

आधी हे सांगते की हे शिक्षण आहे काय, कारण आपल्याकडे गोंधळ फार आहे. माझी ॲडमिशन झाली तेव्हा आत्याला वाटलं मी डॉक्टर होणार, शेजारच्या काकांना वाटलं बायोटेक म्हणजे बियाणं आणि लसी, आणि एका नातेवाईकांनी खरंच विचारलं की हॉस्पिटलच्या कचऱ्याचं काम असतं का, कारण बायोमेडिकल हा शब्द त्यांनी फक्त त्या पिवळ्या डब्यावर वाचलेला होता. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही, सांगणारंच कोणी नव्हतं.

तर हे एम.टेक. दोन वर्षांचं. इलेक्ट्रॉनिक्स, इन्स्ट्रुमेंटेशन, मेकॅनिकलवाले पण येऊ शकतात, गेटमध्ये, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेशपरीक्षेत, २०२० पासून बायोमेडिकलचा वेगळा पेपर आहे, आणि गेटवरून ॲडमिशन झाली तर महिन्याला १२,४०० रुपये स्टायपेंड असतो. आपल्या इथे सिमरोलच्या आयआयटीत बायोसायन्सेस आणि बायोमेडिकल इंजिनिअरिंगचा विभाग आहे, म्हणजे घर सोडून लांब जायलाच पाहिजे असंही नाही. पहिल्या सेमिस्टरला फिजिऑलॉजी येते आणि दहावीनंतर बायोलॉजीला हात न लावलेली आम्ही मुलं हृदयाचे चार कप्पे पुन्हा पहिल्यापासून शिकतो, मग सिग्नल प्रोसेसिंग, इमेजिंग, बायोमटेरियल, बायोमेकॅनिक्स. विषय सुंदर आहेत हो, मनापासून सांगते. ईसीजीचंच बघा, छातीवर मिळणारा हृदयाच्या विजेचा सिग्नल साधारण एक मिलिव्होल्टचा, आणि आपल्या घरादारातली लाईन २३० व्होल्टची, तिची ५० हर्ट्झची गुणगुण माणसाच्या अंगावर सगळीकडून येऊन बसते, त्या गोंगाटातून हा एवढासा सिग्नल वेगळा काढायचा. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा त्या रात्री झोप आली नव्हती.

आता माझी तक्रार. मी जिथे शिकले त्या कॉलेजचं नाव लिहीत नाही कारण प्रश्न एका कॉलेजचा नाही. तीन सेमिस्टर होईपर्यंत मी एकदाही आयसीयूच्या आत गेले नव्हते. पेशंटला लावलेलं व्हेंटिलेटर बघितलं नव्हतं. आमच्या लॅबमध्ये ईसीजीचा सिम्युलेटर होता, त्यातून सिग्नल यायचा तो एकदम स्वच्छ, मग आम्हीच कॉम्प्युटरवर त्यात ५० हर्ट्झचा नॉईज मिसळायचो आणि आम्हीच तेवढीच फ्रिक्वेन्सी गाळणारा नॉच फिल्टर लिहून तो काढायचो आणि त्यावर सेमिनार द्यायचो. मार्क चांगले मिळाले.

शेवटच्या वर्षी थीसिससाठी एका हॉस्पिटलात जायची परवानगी मागितली, ती मिळायला चार महिने गेले. एथिक्स कमिटी, पेशंटची माहिती बाहेर जाऊ नये, इन्फेक्शन होऊ नये, हे सगळं बरोबरच आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण प्रत्येक विद्यार्थी एकेकटा दारोदार फिरतो आणि प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरुवात होते हे मात्र चूक आहे.

तिथे दुसऱ्याच दिवशी एका पेशंटच्या ईसीजीत तोच नॉईज दिसला, सगळ्या लीडमध्ये, म्हणजे आलेखाच्या सगळ्या रेषांत, जाडच्या जाड पट्टा. मी लॅपटॉप उघडून फिल्टरचा विचार करायला लागले, आणि तिथले टेक्निशियन, डिप्लोमा केलेले, वीस-बावीस वर्षं हेच काम करणारे, ते आले, चादर बाजूला केली आणि उजव्या पायाची काळी वायर बघितली. इलेक्ट्रोडवरची जेल वाळून गेली होती. कातडी पुसली, नवीन इलेक्ट्रोड लावला, ट्रेस एकदम साफ. एक मिनिट पण लागलं नसेल. उजव्या पायाच्या त्या इलेक्ट्रोडवरून मशीन अंगावरचा हा गोंगाट दाबतं, त्याचं अख्खं सर्किट मी परीक्षेत काढलेलं होतं, गणितासकट! पण तो पाय एका माणसाचा असतो आणि त्यावरची जेल वाळते हे मला कोणी दाखवलं नव्हतं. ते मला काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "मॅडम, पहले मरीज देखो, फिर मशीन देखो." मी हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

तिथेच जानेवारीतल्या एका सकाळी एक आजी होत्या, माळव्यातली थंडी, बोटं बर्फासारखी, आणि रक्तातला ऑक्सिजन मोजणारं पल्स ऑक्सिमीटर आकडाच देईना. सिस्टरने त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून चोळला, दोन मिनिटांनी आकडा आला. पुस्तकात याला लो परफ्युजन म्हणतात, म्हणजे बोटात रक्त कमी पोचणं. हे यंत्र बोटातून दोन प्रकाश सोडतं, एक ६६० नॅनोमीटरचा लाल आणि एक ९४० च्या आसपासचा इन्फ्रारेड, ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं हिमोग्लोबिन हे दोन प्रकाश वेगवेगळे शोषतं, आणि नाडीबरोबर जेवढा भाग कमीजास्त होतो तेवढाच हिशेबात घ्यायचा ही युक्ती जपानच्या ताकुओ आओयागी यांची, १९७० च्या दशकातली. बोट गार पडलं की नाडीचा तो भागच इतका लहान होतो की मशीनला काही सापडत नाही. शिवाय आकडे बसवलेले असतात निरोगी माणसांच्या रक्ताच्या नमुन्यांवरून, आणि निरोगी माणसाचा ऑक्सिजन ७० टक्क्यांच्या खाली नेता येत नाही, म्हणून ७० च्या खाली जो आकडा दिसतो तो अंदाजच. कोरोनात घरोघरी लोक हेच यंत्र बोटाला लावून बसले होते. आणि २०२० च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की ऑक्सिजन कमी असतानाही मशीनने ठीक दाखवलं असं कृष्णवर्णीय पेशंटमध्ये गोऱ्यांपेक्षा जवळपास तिप्पट वेळा होतं. आता आपल्या इंदूरच्या एका वॉर्डात गव्हाळ, सावळी, काळी सगळ्या रंगांची माणसं शेजारीशेजारी झोपलेली असतात, एम.टेक.च्या थीसिसला याहून चांगला विषय कुठला हवा? पण त्यासाठी वॉर्डात बसावं लागेल, इंटरनेटवरचा परदेशी डेटा डाउनलोड करून हे होणार नाही, आणि सध्या बहुतेक मुलं तेच करतात कारण त्यांच्या हातात दुसरं काही नाही.

म्हणून माझं एकच म्हणणं आहे: बायोमेडिकलच्या एम.टेक.मध्ये हॉस्पिटलची ड्युटी सक्तीची पाहिजे, तीही एका दिवसाची व्हिजिट नव्हे, निदान एक पूर्ण सेमिस्टर, आठवड्याचे दोन दिवस, मार्कांसकट.

हे काही मी आकाशातला चंद्र मागत नाहीये. आयआयटी मद्रास, वेल्लोरचं सीएमसी हे मेडिकल कॉलेज आणि तिरुवनंतपुरमची श्री चित्रा ही वैद्यकीय संस्था तिघं मिळून क्लिनिकल इंजिनिअरिंगचं, म्हणजे हॉस्पिटलातल्या इंजिनिअरिंगचं, एम.टेक. चालवतात. दिल्लीत आयआयटी आणि एम्सचं मिळून बायोमेडिकलचं सेंटर कितीतरी वर्षांपासून आहे. खरगपूरच्या आयआयटीत उलटं आहे, तिथे एमबीबीएस झालेल्या डॉक्टरांना टेक्नॉलॉजी शिकवणारा मास्टर्सचा कोर्स आहे. श्री चित्रामध्ये तर डॉ. वलियाथन स्वतः हार्ट सर्जन, त्यांनी इंजिनिअरांना बरोबर घेऊन हृदयाची कृत्रिम झडप बनवली, आधीची मॉडेलं फसली, कुठे धातू तुटला, कुठे डिस्कने दगा दिला, आणि शेवटी १९९० च्या डिसेंबरात पहिली झडप पेशंटला बसली. मला नाही वाटत की सर्जन एका गावात आणि इंजिनिअर दुसऱ्या गावात असते तर हे झालं असतं.

आणि याहून जुनं सांगते. ईसीजीचं मशीन करणारे हॉलंडचे आइन्टहोवन, त्यांचं गॅल्व्हानोमीटर पावणेतीनशे किलोच्या घरातलं, हलवता येईना, आणि पेशंट तर हॉस्पिटलात. तर त्यांनी १९०५ मध्ये हॉस्पिटलपासून लॅबपर्यंत दीड किलोमीटर टेलिफोनची तार जोडून घेतली आणि पेशंटच्या हृदयाचा सिग्नल लॅबमध्ये आणला. १९२४ चं नोबेल त्यांना याच ईसीजीच्या कामासाठी मिळालं. आपल्याकडे इंजिनिअरिंग कॉलेजं आणि एवढं मोठं मेडिकल कॉलेज एकाच शहरात, रिक्षाने जा की, तार पण टाकायची नाही. शिवाय राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आपल्या इथेच, तिथल्या शास्त्रज्ञांनी तोंडाचा कॅन्सर प्रकाशाने ओळखणारं ऑन्कोडायग्नोस्कोप नावाचं यंत्र तयार केलंय, आणि आपल्याकडे गुटखा किती खातात ते मी वेगळं सांगायला नको. मशीन बनवणारे, डॉक्टर आणि पेशंट तिन्ही एका गावात असणं हे सगळ्या शहरांच्या नशिबी नसतं.

यात हॉस्पिटलांचा काय फायदा, असं मला एका सीनिअर डॉक्टरांनी विचारलं होतं. फायदा आहे सर. केंद्र सरकारच्या २०१५ च्या देखभाल कार्यक्रमात लिहिलेलं आहे की जिल्हा हॉस्पिटलातली मशीनं ९५ टक्के वेळ चालू पाहिजेत, सामुदायिक केंद्रात ९० आणि प्राथमिक केंद्रात ८०. मी ज्या वॉर्डात थीसिस केला तिथे एक चांगला मॉनिटर नऊ महिने कोपऱ्यात चादरीखाली होता कारण त्याच्या प्रोबची वायर तुटलेली, बस तेवढंच, बाकी मशीन ठणठणीत. दर आठवड्याला दोन विद्यार्थी चेकलिस्ट घेऊन फिरले असते तर ते पहिल्याच आठवड्यात सापडलं असतं. तसंच लीकेज करंट, म्हणजे मशीनमधून झिरपणारी वीज. हृदयापर्यंत वायर गेलेली असेल तर मशीनमधून पेशंटकडे १० मायक्रोअँपिअरपेक्षा जास्त करंट जाता कामा नये हा नियम आम्ही दोन मार्कांना लिहिला होता, आणि तिथे बेडखाली एक्स्टेंशन बोर्ड ओल्या फरशीवर पडलेला मी डोळ्यांनी बघितला. पोटात गोळा आला माझ्या. तो नियम त्या दिवसापासून मी कधी विसरले नाही.

दुसरं, टेक्निशियन लोकांना को-गाईड, म्हणजे थीसिसचे सहमार्गदर्शक, करा, त्यांचं नाव थीसिसवर येऊ द्या. मला माहितीये यावर कॉलेजांत नाकं मुरडतील, डिप्लोमावाला एम.टेक.ला काय शिकवणार म्हणून. मला त्यांनीच शिकवलं, आणि माझ्या थीसिसवर त्यांचं नाव फक्त आभाराच्या पानावर आहे याची मला अजून खंत आहे. आणि २०१७ चे मेडिकल डिव्हाइस रूल्स, कापसापासून झडपेपर्यंत सगळ्याची ए ते डी अशी वर्गवारी करणारे, ते पण नीट शिकवा, आम्हाला तो विषय ऑप्शनल होता आणि नोकरीच्या पहिल्या महिन्यापासून रोज त्याचीच गरज पडली.

यंदा ज्यांना ॲडमिशन घ्यायचीय त्या मुलांनी आणि आई-बाबांनी कॉलेजला पॅकेज किती ते जरूर विचारा, पण त्याआधी विचारा की वॉर्डात किती तास. लेखी आकडा मागा.

माझ्याकडून जे होतंय ते केलंय. आमच्या हॉस्पिटलात दोन महिने मागे लागून महिन्यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी दुपारी दोन विद्यार्थ्यांना वर्कशॉपमध्ये आणि आयसीयूच्या राउंडला बरोबर न्यायची परवानगी मिळवलीय, कॉलेजचं पत्र लागेल आणि लसीकरणाचा कागद, बाकी काही नाही. नाव छापू नये ही विनंती, कारण हॉस्पिटलचं नाव त्यावरून कळेल, पण कोणी आपल्या कार्यालयात विचारलं तर माझा पत्ता त्यांना जरूर द्यावा. शनिवारी येताना स्वेटर आणायला सांगा, आयसीयूत एसी फार असतो.

आपली नम्र,
एक बायोमेडिकल इंजिनिअर
लोकमान्य नगर, इंदूर